बी.एड.च्या निष्पत्ती आणि क्षमता-मानके : काम आंतरवासितेपासून मागे न्यावे

प्रश्न : नवी मुंबईतील एका बी.एड. महाविद्यालयात मी यावर्षी सहायक प्राध्यापिका म्हणून रुजू झाले आहे. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, तयारीचा भाग म्हणून सर्व विषयांच्या अध्ययन निष्पत्ती (विषय शिकून झाल्यावर काय करता आले पाहिजे याची विधाने) नव्याने लिहिणे, संपूर्ण बी.एड.च्या कार्यक्रम-निष्पत्तींशी त्यांचे मॅपिंग करणे (कोणती कोणाशी जोडली आहे ते दाखवणे) आणि त्यात शिक्षकांसाठीच्या राष्ट्रीय व्यावसायिक मानकांचा समावेश करणे हे काम माझ्याकडे आले आहे. ते केवळ फाइलपुरते राहू नये यासाठी सुरुवात कोठून करावी? छात्राध्यापकाची, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची, क्षमता प्रत्यक्षात मोजायची कशी?

उत्तर :

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे की, सुरुवात विषयांपासून करू नये. बहुतेक महाविद्यालयांत हे काम ब्लूमच्या क्रियापदांचा (शिकण्याच्या पातळ्यांप्रमाणे लावलेल्या क्रियापदांचा) तक्ता हाताशी घेऊन पहिल्या सत्रातील पहिल्या विषयाच्या पहिल्या घटकापासून सुरू होते आणि चौथ्या सत्राच्या शेवटापर्यंत जाता जाता निष्पत्तींचा ढीग जमा होतो. प्रत्येक विधान व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते, प्रत्येकात एक मोजता येण्याजोगे क्रियापद असते, आणि तरीही ती सारी विधाने वाचून संपल्यावर आपला छात्राध्यापक आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत राहून करायच्या प्रत्यक्ष कामाच्या, शेवटच्या आठवड्यात वर्गात उभा राहील तेव्हा काय करताना दिसला पाहिजे, हे सांगता येत नाही. म्हणून आधी तो शेवटचा आठवडा निश्चित करावा. त्या आठवड्यात कोणत्या गोष्टी त्याला कोणाच्या मदतीशिवाय जमल्या पाहिजेत हे लिहावे आणि तेथून मागे येत येत, कोणत्या विषयाने त्यासाठी काय द्यायचे ते ठरवावे.

या कामात तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात, त्या आरंभीच वेगळ्या करून ठेवलेल्या बऱ्या. अपूर्णांकांच्या बेरजेत मुले कोणत्या प्रकारच्या चुका करतात आणि का करतात हे उदाहरणांसह सांगता येणे, ही गणित अध्यापनपद्धती या विषयाची निष्पत्ती झाली. भरल्या वर्गात, घड्याळ पुढे सरकत असताना, एका मुलाने तशी चूक केली की ती ओळखणे, त्या मुलाशी बोलून तिच्यामागचा विचार बाहेर काढणे आणि पाठाची दिशा त्यानुसार वळवणे ही क्षमता झाली. तीत गणिताचे ज्ञान, मुलांच्या विचाराची जाण, भाषा, वर्गनियंत्रण आणि त्या मुलाबद्दलचा आदर असे सारे एकत्र येते. आणि नुकत्याच बी.एड. झालेल्या शिक्षकाकडून ही गोष्ट कितपत अपेक्षित धरायची, दहा वर्षे शिकवलेल्या शिक्षकाकडून कितपत, हे ठरवणारी रेषा म्हणजे मानक. निष्पत्ती विषयाच्या हद्दीत राहते, तर क्षमता विषयांच्या हद्दी ओलांडते. मानकाला मात्र पातळी सांगावीच लागते, नाहीतर ते मानक राहत नाही. आपल्याकडच्या तक्त्यांत बहुधा पहिलीच गोष्ट तिन्ही रकान्यांत वेगवेगळ्या शब्दांनी भरलेली आढळते.

हे सारे नवे आहे असा समज मात्र करून घेऊ नये. महाराष्ट्रातील अध्यापक महाविद्यालयांत पाठ टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याच्या, डाव्या बाजूला 'उद्दिष्टे व स्पष्टीकरणे' लिहिण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. 'ज्ञान : विद्यार्थी अमुकचे स्मरण करतो, आकलन : विद्यार्थी अमुकमधील फरक स्पष्ट करतो' ही वाक्ये छात्राध्यापक झोपेतही लिहू शकत. शालेय शिक्षणात १९९१ मध्ये किमान अध्ययन पातळ्या आल्या आणि त्यापाठोपाठ राज्यात क्षमताधिष्ठित प्राथमिक अभ्यासक्रम आला. १९९८ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, क्षमताधिष्ठित आणि बांधिलकीप्रधान शिक्षक शिक्षणाची मांडणी केली. तीत दहा क्षमता, पाच प्रकारची बांधिलकी आणि पाच कार्यक्षेत्रे होती. पालकांबरोबर काम करण्याची क्षमता आणि समाजाबरोबर काम करण्याची क्षमता यांना तेथे स्वतंत्र स्थान होते, हे आजच्या तक्त्यांकडे पाहताना मुद्दाम आठवावे. पुढे शिक्षक शिक्षणाच्या २००९ च्या राष्ट्रीय आराखड्याने भर चिंतनशील आणि माणुसकी जपणाऱ्या शिक्षकावर दिला. २०१७ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत इयत्तानिहाय अध्ययन निष्पत्ती आल्या आणि बालभारतीच्या पुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर त्या छापल्या जाऊ लागल्या. त्यामुळे आपला छात्राध्यापक शाळेत गेल्यावर ज्या पुस्तकातून शिकवणार आहे त्यात मुलांसाठीच्या निष्पत्ती आधीच दिलेल्या आहेत. त्याच्या स्वतःच्या तयारीच्या निष्पत्ती मात्र त्याला कोणी दाखवलेल्या नसतात.

परदेशांतील अनुभवातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. १९७० च्या दशकात अमेरिकेत क्षमताधिष्ठित शिक्षक शिक्षणाची मोठी चळवळ झाली. शिक्षकाचे काम इतक्या बारीक तुकड्यांत विभागले गेले की याद्या सांभाळणे हेच काम होऊन बसले आणि सुट्या सुट्या कौशल्यांत पारंगत झालेला माणूस पूर्ण तास नीट घेईलच, ही खात्री काही मिळाली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात विकसित झालेले सूक्ष्म अध्यापन आपण आजही चालवतो, ते त्याच काळाचे अपत्य. सज्जता प्रवर्तन (पाठासाठी वर्गाला तयार करणे), चेतक बदल (लक्ष टिकवण्यासाठी आवाज-हालचालीत बदल), फलक लेखन असे पाच-पाच मिनिटांचे पाठ नवख्याची भीती घालवायला उपयोगी पडतात हे खरे. पण त्यांच्या गुणांची बेरीज म्हणजे अध्यापन क्षमता नव्हे. दुसरा अनुभव दक्षिण आफ्रिकेचा. तेथे वर्णद्वेषी राजवट संपल्यानंतर १९९७ मध्ये निष्पत्तीआधारित शालेय अभ्यासक्रम मोठ्या अपेक्षेने जाहीर झाला. क्लिष्ट परिभाषा, शिक्षकांची अपुरी तयारी आणि नोंदींचे ओझे यांमुळे २००० मध्येच त्याचा फेरविचार करावा लागला आणि पुढच्या दशकाच्या आरंभी तो मागे पडला. हेतू चांगला असूनही शिक्षकाचा वेळ मुलांकडून कागदाकडे गेला, की काय होते ते तेथे दिसले.

आता क्षमता मोजण्याच्या प्रश्नाकडे येतो आणि येथे थोडे रेंगाळतो, कारण सारे काम येथेच आहे.

ठाण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीच्या वर्गात छात्राध्यापिका अपूर्णांकांची बेरीज शिकवत होती. पाठ टाचण व्यवस्थित, रंगीत कागदाच्या पट्ट्या तयार, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. एक छेद दोन अधिक एक छेद तीन हे उदाहरण सोडवायला तिने एका मुलाला फळ्याजवळ बोलावले. त्याने उत्तर लिहिले दोन छेद पाच. वर्गातून 'चूक, चूक' असा गलका झाला. छात्राध्यापिकेने हसून 'बस हं बाळा' म्हटले, डस्टरने उत्तर पुसले, लसावि काढून पाच छेद सहा असे सुवाच्य अक्षरांत लिहिले आणि 'समजले का सगळ्यांना?' असे विचारले. सगळ्यांनी 'हो' म्हटले. पाठ निरीक्षण तक्त्यात फलक लेखन, साहित्याचा वापर, आवाज आणि वेळेचे नियोजन या सर्व रकान्यांत तिला उत्तम गुण मिळाले. शेऱ्यात 'आत्मविश्वास चांगला, पाठ यशस्वी' असे लिहिलेले होते. त्या तक्त्याच्या हिशोबाने ते चूकही नव्हते, कारण त्या मुलाचे काय झाले हे विचारणारा रकानाच त्या तक्त्यात नव्हता.

त्या मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला होता. हा वेडेपणा नव्हे. पहिल्या चाचणीत दोन प्रश्नांपैकी एक बरोबर आणि दुसऱ्या चाचणीत तीनपैकी एक बरोबर, तर एकूण पाचपैकी दोन बरोबर, हा हिशोब तो रोज करतो आणि तेथे तो बरोबर असतो. तयारीच्या शिक्षकाने त्याला एवढेच विचारायचे होते की, 'अर्ध्यात आणखी काही मिळवले, तर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठे यायला हवे की लहान? तुझे दोन छेद पाच अर्ध्यापेक्षा मोठे आहे का?' मुलगा पट्ट्या शेजारी ठेवून स्वतःच पाहू शकला असता. पट्ट्या तर टेबलावरच होत्या.

या एका प्रसंगावरून आपल्याला एका क्षमतेचे वर्णन लिहिता येते : 'विद्यार्थ्याच्या उत्तरामागचा विचार ओळखणे आणि त्यावर अध्यापन उभे करणे.' तिच्या चार पातळ्या अशा लिहिता येतील. पहिल्या पातळीवर चुकीचे उत्तर दुर्लक्षिले किंवा पुसले जाते. दुसऱ्या पातळीवर चूक मान्य होते, पण तिच्यावर उपाय म्हणून बरोबर रीत पुन्हा सांगितली जाते. तिसऱ्या पातळीवर शिक्षक मुलाला बोलते करतो आणि त्याच्या उत्तरातील विसंगती त्याची त्यालाच दिसेल असा प्रश्न किंवा साहित्य पुढे ठेवतो. चौथ्या पातळीवर ही चूक येणार हे धरून पाठ टाचणातच तिच्यासाठी जागा केलेली असते आणि वर्गाच्या वह्या पाहून पुढच्या तासाची आखणी बदलली जाते. बी.एड. पूर्ण करताना प्रत्येकाने तिसऱ्या पातळीवर सातत्याने असावे, असे मी धरतो. अशी पातळीवर्णने लिहिणे म्हणजेच रुब्रिक तयार करणे. बाजारात किंवा इंटरनेटवर तयार मिळणारी 'उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक, सुधारणा आवश्यक' ही रुब्रिके येथे निरुपयोगी आहेत, कारण त्यांत निरीक्षकाचे मत असते, वर्गात घडलेली गोष्ट नसते.

क्षमता किती असाव्यात? माझ्या मते सहा ते आठ, त्याहून एकही जास्त नको. ऑस्ट्रेलियाच्या २०११ च्या शिक्षक-मानकांत वरची मानके सातच आहेत, त्यांखालील बारकावे ३७ आहेत आणि प्रत्येकाचे वर्णन पदवीधरापासून अग्रणी शिक्षकापर्यंत चार टप्प्यांवर केलेले आहे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून लागू असलेल्या मानकांत अध्यापनाविषयीची मानके आठ आहेत. आपल्या महाविद्यालयासाठी आशयाची अध्यापनयोग्य समज, मुलांच्या विचाराची ओळख, पाठाची आखणी, वर्गातील संवाद व भाषा, सर्वांना सामावून घेणारे वर्गव्यवस्थापन, मूल्यमापनाचा उपयोग, पालक व सहकाऱ्यांबरोबरचे काम आणि स्वतःच्या अध्यापनाकडे चिकित्सक नजरेने पाहणे एवढ्या आठ पुरतात. प्राध्यापकांच्या बैठकीत आणखी सुचवल्या जातील, तंत्रज्ञान हमखास सुचवले जाईल. ते आखणीत आणि संवादात बसते, त्याला वेगळे आसन देण्याची गरज नाही.

यानंतर विषयांकडे वळावे. २०१४ च्या एनसीटीई विनियमांनी आलेल्या दोन वर्षांच्या आराखड्यात बाल्यावस्था व वाढ, अध्ययनासाठी मूल्यमापन, अभ्यासक्रमातील भाषा, समावेशक शाळा असे विषय आहेत. वर सांगितलेल्या क्षमतेसाठी यांतील प्रत्येकाकडून काहीतरी नेमके मागता येते. बाल्यावस्थेच्या विषयात 'पियाजेच्या सिद्धान्ताचे आकलन होईल' असे लिहिण्याऐवजी 'मुलांच्या तीन उत्तरपत्रिकांवरून त्यांच्या विचारपद्धतीविषयी अनुमान मांडेल आणि ते अनुमान तपासणारा पुढचा प्रश्न तयार करेल' असे लिहावे. मुलांच्या विचारविकासाचा अभ्यासक पियाजे त्यात येतोच, शिवाय तो कामाला लागतो. मूल्यमापनाच्या विषयात पन्नास गुणांची घटक चाचणी बनवून घेण्याबरोबरच तीच चाचणी तपासून चुकांचे गट पाडण्याचे काम द्यावे. मात्र प्रत्येक विषयाला ही फूटपट्टी लावू नये. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक कोणत्या समाजगटांतून यावेत, त्यांना पगार किती असावा याविषयी जे लिहिले आहे, ते वाचून छात्राध्यापकाने आजच्या परिस्थितीबद्दल युक्तिवाद मांडला, तर तेवढी निष्पत्ती पुरेशी आहे. तिचे वर्गातील वर्तनात ओढूनताणून रूपांतर केले की तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्र यांचा जीव जातो.

मॅपिंगच्या तक्त्यात एक, दोन, तीन असे आकडे भरायचे असतात. कमी, मध्यम आणि जास्त संबंध दाखवणारे. येथे एकच शिस्त पाळावी. ज्या ठिकाणी छात्राध्यापकाने केलेले काम काढून दाखवता येते तेथेच 'तीन' लिहावे. ज्याचा केवळ व्याख्यानात उल्लेख होतो तेथे 'एक'. आणि संबंध नसेल तेथे रकाना मोकळा ठेवावा. मोकळ्या रकान्यांची आपल्याकडे विनाकारण धास्ती आहे. सर्वत्र तीन-तीन भरलेला तक्ता पाहून कोणत्या विषयाने काय केले हे कोणालाच कळत नाही, तपासणीस येणाऱ्या समितीलाही नाही. शिक्षक शिक्षण संस्थांसाठीच्या नॅकच्या स्वतंत्र नियमपुस्तिकेत कार्यक्रमाच्या आणि अभ्यासक्रमांच्या निष्पत्तींचा विचार आहेच. त्यासाठी पुरावा म्हणून मागितले तर तक्त्याऐवजी छात्राध्यापकांच्या कामाचे संच पुढे ठेवता आले पाहिजेत.

निष्पत्ती-प्राप्तीची, म्हणजे आपण ज्याला 'अटेनमेंट' म्हणतो त्याची, आकडेमोड मी लवकर आटोपतो. ठरावीक टक्के विद्यार्थ्यांनी ठरावीक गुण ओलांडले की अमुक पातळी, ही रीत अभियांत्रिकीकडून आली आहे. संलग्न महाविद्यालयात विद्यापीठाची प्रश्नपत्रिका आपल्या हातात नसते आणि एकत्रित गुणांवरून कोणती निष्पत्ती साधली हे उलगडत नाही. त्यामुळे हा हिशोब प्रामुख्याने अंतर्गत कामावर करावा आणि जी निष्पत्ती कमी पडली ती कमी पडली असेच लिहून पुढच्या सत्रात काय बदलले ते नोंदवावे. सगळीकडे शंभर टक्के प्राप्ती दाखवणाऱ्या अहवालावर मी विश्वास ठेवत नाही आणि अनुभवी समितीही ठेवत नसावी.

क्षमता लेखी परीक्षेत दिसत नाही, ती कामात दिसते. वैद्यकीय शिक्षणात जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे अशा चार पायऱ्या मांडल्या होत्या. आपल्याकडील एमबीबीएसचा अभ्यासक्रमही २०१९ पासून क्षमताधिष्ठित झाला आहे. आपली सत्र परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबते. पुढच्या दोन पायऱ्यांसाठी आपल्याजवळ आंतरवासिता आहे आणि २०१४ च्या विनियमांनी तिला पुरेसा वेळही दिला आहे. दोन वर्षांत मिळून किमान २० आठवड्यांचे शालेय काम, त्यांपैकी दुसऱ्या वर्षी १६ आठवडे, आणि आंतरवासितेत ९० टक्के उपस्थिती असे ते गणित आहे. पूर्वी ठरावीक संख्येचे सराव पाठ उरकण्यात जो काळ जात असे, तो आता एका वर्गाबरोबर सलग राहण्यात घालवता येतो. मुलांच्या वह्यांत आज दिसलेली चूक पुढच्या आठवड्यात सुधारली का, हे पाहण्याची संधी सराव पाठांच्या पद्धतीत कधीच नव्हती.

पुरावा म्हणून मी चार वस्तू पुरेशा मानतो : पाठ झाल्यावर दुरुस्त केलेले पाठ टाचण, त्या पाठातील दहा-पंधरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण, त्याच तासाच्या मुलांच्या चार-पाच वह्यांची पाने आणि छात्राध्यापकाने स्वतः लिहिलेले एक पानी विश्लेषण. मुलांचे चित्रीकरण शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय करू नये. बहुतेक वेळा त्याची गरजही नसते, आवाज पुरतो. 'समजले का?' हा प्रश्न आपण तासात किती वेळा विचारतो हे स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर छात्राध्यापकाला वेगळे काही सांगावे लागत नाही.

पन्नास छात्राध्यापक, प्रत्येकाच्या आठ क्षमता आणि प्रत्येक पाठाला पूर्ण रुब्रिक असा विचार कोणी मांडला, तर तो तेथेच थांबवावा. ते कोणत्याही अध्यापकवर्गाला झेपणारे नाही. एका आठवड्यात दोनच क्षमतांकडे पाहायचे, त्या कोणत्या हे छात्राध्यापकाला आधी सांगायचे आणि निरीक्षण नोंदीत फक्त त्या दोहोंविषयी, वर्गात काय घडले ते दोन-तीन वाक्यांत लिहायचे, अशी पद्धत चालते. 'चांगला प्रयत्न', 'आवाजात चढउतार हवा' असे शेरे आपोआप कमी होतात.

खरी अडचण निरीक्षकांची आहे. एकच पाठ पाहून भाषेचा प्राध्यापक उच्चार आणि फळा पाहतो, गणिताचा प्राध्यापक आशय पाहतो, आणि शाळेतील मार्गदर्शक शिक्षक वर्ग शांत होता की नाही ते पाहतो. प्रत्येकाचे बरोबरच असते, पण तिघांच्या गुणांची सरासरी काढून काहीही हाती लागत नाही. त्यासाठी आंतरवासिता सुरू होण्याआधी महाविद्यालयातील प्राध्यापक आणि शाळांतील मार्गदर्शक शिक्षक यांनी एकत्र बसून एकाच पाठाचे मुद्रण पाहावे, एकमेकांशी न बोलता पातळी लिहावी, पातळीसमोर त्यासाठीची वर्गातील घटना लिहावी, आणि मग कागद उघडावेत. दोन जणांत एका पातळीचा फरक असेल तर चर्चा करावी. दोन पातळ्यांचा फरक वारंवार येत असेल, तर दोष बहुधा वर्णनाच्या शब्दांत असतो आणि ते वर्णन बदलावे. मार्गदर्शक शिक्षकांना शाळेची आणि शाळाबाह्य अशी कामे इतकी असतात की त्यांच्याकडून लांबलचक तक्ते भरून घेणे अन्यायाचे आहे. त्यांना या बैठकीस सन्मानाने बोलवावे, त्यांच्या मताला महाविद्यालयाच्या मताइतकेच वजन द्यावे आणि लिखाण कमीत कमी मागावे. हे एक सत्र जमले, तर निष्पत्तीआधारित शिक्षणाचे निम्मे काम झाले असे मी समजतो.

आपण नवी मुंबईत आहात, म्हणून एक स्थानिक मुद्दा. वाशी किंवा नेरूळमधील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, जेथे मुले घरून पाठ करून येतात, तेथे उत्तम वाटणारी छात्राध्यापिका तुर्भ्याच्या किंवा दिघ्याच्या महापालिका शाळेत गेली की पहिल्याच दिवशी अडते, कारण तेथील वर्गात घरी हिंदी, तेलुगू, कन्नड किंवा भोजपुरी बोलणारी मुले एकाच बाकावर बसलेली असतात आणि 'छेद' हा शब्द त्यांतील निम्म्यांना पोहोचलेला नसतो. ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शहापूर-मुरबाडकडे, वारली, कातकरी आणि ठाकर समाजाच्या मुलांच्या शाळांत हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. म्हणून वर्गसंवाद व भाषा ही क्षमता किमान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत दिसली तरच ती साधली असे धरावे, असा नियम करून घ्यावा. आंतरवासितेच्या शाळा निवडताना आपण बहुधा रेल्वे स्थानकापासूनचे अंतर पाहतो. त्यात गैर काही नाही, पण तेवढ्यावर वाटप करू नये. शाळा अवघड आहे म्हणून पातळी उतरवून द्यायचीही नाही. नोंदीत वर्गाची परिस्थिती लिहावी, पातळी घडलेल्या गोष्टीवरूनच ठरवावी.

मूल्ये आणि बांधिलकी यांचे काय, हा प्रश्न हमखास येतो. मुलांविषयी जिव्हाळा, जातिधर्माच्या पलीकडे पाहण्याची वृत्ती, वेळेवर येणे, मुलाला न अपमानित करणे या गोष्टी एक ते चार अशा पातळ्यांवर मोजू नयेत. मोजायला गेले की छात्राध्यापक त्यांचे प्रदर्शन करू लागतात आणि आत्मचिंतन वहीत सर्वांचे चिंतन एकाच साच्यातले येते. इंग्लंडच्या मानकांत वैयक्तिक व व्यावसायिक वर्तन हा दुसरा, स्वतंत्र भाग आहे, तशी सोय आपण करावी. वर्तन ही पूर्वअट मानावी, तिला गुण देऊ नयेत, आणि तिचा भंग झाला तर त्याच आठवड्यात समोरासमोर बोलावे. ज्या छात्राध्यापिकेने उत्तर चुकलेल्या मुलाला वर्गासमोर उभे ठेवले, तिच्या पाठाचे बाकीचे रकाने कितीही भरलेले असोत, त्या दिवशीची चर्चा त्या एका गोष्टीपासूनच सुरू झाली पाहिजे.

पातळी गाठली नाही तर काय, याचाही निर्णय आधी करावा लागतो. बहुतेक ठिकाणी आंतरवासितेचे गुण सर्वांना भरपूर आणि जवळजवळ सारखेच मिळतात. त्यामागे दयाबुद्धी असते आणि निकालाची काळजीही असते. पण दोन महत्त्वाच्या क्षमतांत दुसऱ्याच पातळीवर राहिलेल्या छात्राध्यापकाला आणखी दोन आठवडे एका चांगल्या मार्गदर्शक शिक्षकाच्या वर्गात ठेवणे हे त्याच्यावर आणि पुढे त्याच्या हाती येणाऱ्या मुलांवर उपकार करण्यासारखे आहे. त्यासाठी वेळापत्रकात आधीच मोकळी जागा ठेवावी. सत्राच्या शेवटी ती सापडत नाही.

आता आपण उल्लेख केलेल्या राष्ट्रीय मानकांविषयी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी समान व्यावसायिक मानके तयार करण्याचे काम एनसीटीईकडे दिले. कारकिर्दीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर शिक्षकाकडून काय अपेक्षित आहे हे त्यांत सांगायचे आहे, सेवापूर्व प्रशिक्षणाच्या रचनेतही त्यांचा उपयोग व्हायचा आहे, आणि २०३० मध्ये व नंतर दर दहा वर्षांनी त्यांचा आढावा घ्यायचा आहे. या मानकांतील शब्द उचलून प्रत्येक विषयाच्या निष्पत्तीत पेरण्याचा मोह टाळावा. आपल्या आठ क्षमता एका बाजूला आणि मानकांतील विधाने दुसऱ्या बाजूला असा एक पानी मेळ घालावा, जेथे आपले काहीच नाही तेथे तसे दाखवावे, आणि आपली पातळी कारकिर्दीच्या पहिल्या टप्प्याची आहे हे स्पष्ट लिहावे. नवशिक्याला अग्रणी शिक्षकाच्या वर्णनाने मोजणे ही या तक्त्यांतील नेहमीची गफलत आहे.

हा मेळ वेगळ्या पानावर ठेवण्याचे दुसरेही कारण आहे. याच धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकासाठीची किमान पदवी करण्याचे म्हटले आहे, २०२३-२४ पासून तो एकात्मिक कार्यक्रम काही संस्थांत सुरूही झाला आहे, आणि एनसीटीईने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विनियमांच्या मसुद्यात एक वर्षाच्या बी.एड.चा प्रस्ताव आहे. कालावधी, विषयांची नावे आणि श्रेयांक बदलत राहतील. विषयवार लिहिलेल्या निष्पत्ती प्रत्येक बदलाबरोबर पुन्हा लिहाव्या लागतात. आंतरवासितेवरून लिहिलेल्या क्षमता आणि त्यांची पातळीवर्णने मात्र थोड्या डागडुजीने पुढे नेता येतात.

कामाचा क्रम असा ठेवावा. पहिल्या वर्षी आठही क्षमतांची यादी तयार असू द्यावी, पण पातळीवर्णने लिहून वापरायला फक्त दोन घ्याव्यात. त्यांतील एक मुलांच्या विचाराची ओळख ही असावी, कारण तिच्यासाठीचे पुरावे वह्यांत सहज मिळतात. ती वर्णने पाच-सहा मार्गदर्शक शिक्षकांना वाचायला द्यावीत आणि ज्या वाक्याचा अर्थ त्यांना विचारावा लागेल ते वाक्य बदलावे. आंतरवासिता संपल्यावर जमलेल्या संचांतून प्रत्येक पातळीचे एक-एक उदाहरण निवडून, नावे काढून, पुढच्या तुकडीसाठी ठेवावे. नव्या छात्राध्यापकाला 'तिसरी पातळी' म्हणजे काय ते व्याख्यानापेक्षा त्या उदाहरणातून लवकर कळते. विषयांचे मॅपिंग तक्ते यानंतर हाती घ्यावेत. तोपर्यंत कोणत्या विषयातले कोणते काम वर्गात उतरले हे आपल्यासमोर असते, त्यामुळे तीन कोठे लिहायचे आणि रकाना कोठे मोकळा ठेवायचा याबद्दल बैठकीत फारसा वाद होत नाही.